ठमा मावशीचे वाटे

ठमा मावशी मला पहिल्यांदा भेटली ती माझ्याशी भांडायलाच.

मी तेव्हा उपकेंद्रात नर्स म्हणून नवीन लागले होते. गाव मावळातलं, लोणावळ्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावंच. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी कातकऱ्यांची वाडी आहे. डांबरी रस्ता संपतो तिथं वाडीचं पहिलं घर, आणि मग एकामागे एक घरं चढावर लागत जातात. लसीकरणाच्या दिवशी मी पेटी घेऊन पहिल्या घराच्या ओट्यावर बसले आणि पोरांना हाका मारायला लागले. तेवढ्यात वरच्या रानातून एक काटक बाई तरातरा उतरली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेला कोयता, तोंडात मशेरी. तिनं मला काही विचारलं नाही. माझी पेटी उचलली आणि चढाला लागली. मी मागे धावले, ओरडले, त्यात लस आहे, आपटू नका म्हणाले. ती थांबली ती थेट शेवटच्या घरापाशी. पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, "हितं बस. हितनं खाली उतर."

मी चिडून कारण विचारलं. ती म्हणाली, "वाटायला येणारा परतेक जण खालनं सुरू करतो. वरच्या घरापातुर येईस्तवर त्याच्याकडं नुसतं हसू उरतंय."

खरं होतं ते. थंडीत पुण्याहून ब्लँकेट घेऊन येणारी मंडळी गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच यायची, फोटो काढायची आणि परतायची. टँकरची नळी वरपर्यंत पोचायची नाही. मच्छरदाण्या आल्या त्या खालच्या पाच-सहा घरांत दोन-दोन पडल्या, वर एकही नाही. ठमा मावशीचं स्वतःचं घर अगदी खाली, रस्त्याला लागून होतं. म्हणजे तिला सगळं मिळत होतं. तरी भांडत होती तीच.

तिच्या रागाला वाडी घाबरायची आणि गाव हसायचं. ती कुणाच्या पाठीमागे कधी बोलली नाही. जे असेल ते समोर, उभ्यानं, आणि चार माणसं ऐकतील असं. खुर्ची दिली तरी बसायची नाही. कुणी काही दिलं तर बरं झालं असं चुकूनही म्हणायची नाही, घ्यायची, उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "येवढंच?" लोणावळ्याच्या बाजारात खेकडे, करवंदं, पावसाळ्याच्या तोंडाला शेवळांची रानभाजी घेऊन बसायची. एकदा मी तिथं असताना एका मुंबईच्या माणसानं करवंदांच्या द्रोणावरून घासाघीस लावली. हातात चिक्कीच्या दोन मोठ्या पिशव्या, तिथं त्यानं भाव विचारलाही नसणार. मावशीनं आख्खा द्रोण त्याच्या ओंजळीत रिकामा केला आणि म्हणाली, "फुकट खा. पण माज्याशी बोलू नको." त्याला करवंदं टाकताही येईनात आणि धरताही येईनात. आजूबाजूच्या बाया हसल्या. मावशी हसली नाही. तिचे खरंच पैसे बुडाले होते आणि तिला खरंच राग आला होता.

पण तिचं वाडीतलं खरं काम वेगळंच होतं. डुक्कर पडलं की वाटे ती लावायची.

रानडुक्कर मारायला कायद्यानं बंदी आहे. हे वाडीला माहीत होतं, गावाला माहीत होतं, फॉरेस्टच्या गार्डलाही माहीत होतं. आणि भात पोटरीला आलं, डुकरांचे कळप रात्रीतून शेतं लोळवायला लागले की गावातले शेतकरी वाडीवर निरोप धाडतात, हेही या सगळ्यांना माहीत होतं. "जरा बघा रं आमच्याकडं" एवढाच निरोप असायचा. डुक्कर हा शब्द कुणी उच्चारायचं नाही. मग वाडीतले पुरुष कुत्री आणि जाळी घेऊन उतरायचे, आरडाओरडा करून रान उठवत हाका घालायचे, आणि दोन-तीन दिवसांत कधीतरी एखादं पडायचं. बाकीचा कळप महिनाभर तिकडं फिरकत नसे. शेतकऱ्याचं भात वाचायचं आणि वाडीला वर्षातून एक-दोनदा पोटभर मटण मिळायचं.

वाटे लावणं हे पुरुषाचं काम. आधी मावशीचा नवरा लावायचा. तो वारला आणि पुढच्याच शिकारीला दोन भाऊ मानेच्या तुकड्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. ज्याचा भाला आधी लागला त्याला मान, असा रिवाज. आणि दोघंही भाला माझाच म्हणत होते. मावशी उठली, दोघांच्या मधोमध मान कोयत्यानं उभी चिरली, आणि तिथंच बसली ती उठलीच नाही. सबंध डुक्कर तिनंच वाटलं. म्हाताऱ्यांनी बाईमाणसानं असं करू नये म्हणून कुरकुर केली. तिनं कोयता पुढं केला आणि म्हणाली, लाव मग तू, पण कुणाला कमी पडलं तर तुझ्या पानातलं काढून देईन. कोयता कुणी घेतला नाही.

मी तिचं वाटे लावणं दोनदा बघितलं आहे. पेंढ्याच्या जाळावर केस भाजून, खरवडून डुक्कर स्वच्छ केलेलं असायचं. सागाची पानं जमिनीवर मांडायची, घरं तितकी पानं. मग ती प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं टाकत जायची. मांस, चरबी, काळीज, हाड, आतडी. एकाला नुसतं मांस आणि दुसऱ्याला नुसती हाडं असं तिच्या हातून कधी व्हायचं नाही. ज्याची कुत्री होती त्याला कुत्र्यांचा वेगळा वाटा. बाळंतिणीच्या पानावर काळजाचा तुकडा जास्तीचा. जी म्हातारी शिकारीला जाऊ शकत नाही, जिला कुणी नाही, तिचंही पान इतरांच्या बरोबरीचं. शेवटी कुणीतरी एकजण पाठ करून बसायचा. मावशी एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायची, "ह्यो कुणाचा?" तो न बघता नाव घ्यायचा. त्या घराचं माणूस येऊन ते पान उचलायचं. मावशीचं नाव सगळ्यात शेवटी. उरलं ते तिचं.

आणि वाटे वाडीपुरते नव्हते. ज्याच्या शेतात डुक्कर पडलं त्याच्या घरी फरा, म्हणजे मागची आख्खी मांडी, जायचा. किराणा दुकानदाराकडं बरगड्या जायच्या. गार्डचा वाटा कागदात बांधून जायचा. वाटा घेतला तो शिकारीत, असा त्यांच्यातला जुना नेम होता. खाल्लं आणि हात झटकले असं चालत नसे.

एकदा गावाखाली शहरातल्या लोकांनी बांधलेल्या बंगल्यांपैकी एकाचा मालक गाडी घेऊन वर आला. शनिवारी त्याच्याकडे पार्टी होती. त्याला सबंध डुक्कर हवं होतं, आणि त्यानं सांगितलेला आकडा ऐकून वाडीतली तरणी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मावशी म्हणाली, विकत मिळत नाही. वाटा पाहिजे असेल तर खाली बस, तुझंही पान मांडते. तो हसला, त्याला गंमत वाटली असावी. पण ती खरोखरच पान मांडून बसली आणि त्याची वाट बघत राहिली. तो गाडीत बसून निघून गेला. मग त्या पानावरचं तिनं पुन्हा सगळ्यांत वाटलं. तरणी पोरं तिच्यावर बरेच दिवस धुमसत होती. तिचा स्वतःचा मुलगा रघू सुद्धा. ती त्याला म्हणाली होती, आज डुक्कर विकशील, उद्या तो तुला निरोप धाडील, आणि मग डुक्कर त्याचं, तू त्याचा गडी.

वाटा माझ्यासाठीही निघाला. मी पान घेईना तेव्हा तिनं कारण विचारलं, आणि मी सांगितलं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म घेतला. त्याआधी आमच्या घराला गावकीचा वाटा यायचा, मेलेल्या ढोराचा, लांबून टाकलेला. आजोबांनी तो सोडला तेव्हा गावानं त्यांना पाण्यालाही महाग केलं होतं. 'वाटा' हा शब्द घरात निघाला की माझे वडील अजूनही उठून बाहेर जातात.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमाला टाकायचे. मी टाकत न्हाई, लावते. तुजं पान माज्या पानाशेजारी हाय, बघ."

मी ते घरी नेलं. वडिलांना कुणी दिलं, कसं दिलं ते सांगितलं. ते उठून बाहेर गेले नाहीत. मग म्हणाले, "शिजव."

पुढं जे झालं ते एका मोबाइलमुळे. दत्ताभाऊ हा गावातला मोठा शेतकरी. त्या वर्षी त्याच्या शेतात डुकरांनी धुमाकूळ घातला होता, आणि निरोप त्याचाच होता. डुक्कर पडलं, वाटे लागले. दत्ताभाऊचा पुतण्या फरा न्यायला वाडीवर आला होता. त्यानं पानांचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला. कुणी कुणाला पुढं पाठवला देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी फॉरेस्टची जीप वाडीवर गेली. रघू आणि आणखी दोघांना उचललं, जाळी घेतली, भाले घेतले, एका घरातून हाडं असलेलं पातेलं घेतलं. पंचनाम्यासाठी जीप ग्रामपंचायतीसमोर येऊन थांबली. उपकेंद्र शेजारीच. मी कुलूप उघडत होते ते तसंच राहिलं.

अख्खं गाव जमलं होतं. फॉरेस्टचे साहेब खुर्चीवर बसून लिहीत होते. त्यांना आधी कुणी पाहिलं नव्हतं, नवीन आले होते. आमचा गार्ड त्यांच्या मागे उभा होता. साहेबांनी दत्ताभाऊला विचारलं, डुक्कर तुमच्या शेतात मारलं का? दत्ताभाऊ म्हणाला, "रात्रीबेरात्री चोरून येतात साहेब हे लोक. आपल्याला काय माहीत."

ठमा मावशी जीपच्या मागं चालत आली होती. तिला धाप लागली होती. मला वाटलं, आता ही दत्ताभाऊच्या अंगावर जाणार. पण ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत मी तिला इतकं सावकाश बोलताना ऐकलं नव्हतं.

"सायेब," ती म्हणाली, "आमच्यात वाटा घेतला तो शिकारीत. मागनं असंच चालत आलंय. आता डुकराच्या मागनं गुन्हा आलाय. तर त्याचे पण वाटे लावा. माज्या पोराच्या पानावर आख्खा कशापायी?"

साहेबांना ते कळलं नसावं. त्यांनी गार्डकडे पाहिलं.

मग ती माणसांकडे वळली, आणि जशी पानांवर बोट ठेवायची तसं एकेकावर बोट ठेवत गेली. "दत्ताभाऊ, तुमच्या घरला फरा. शेठ, तुला बरगड्या. गार्डसायेब, तुमाला काळीज लागतंय, मी येगळं बांधून दिलं व्हतं. या म्होरं. बसा जीपमदी."

कुणी हललं नाही. दुकानदार दुकानाकडे बघत राहिला. गार्ड जीपचं मागचं दार नीट लागलंय का ते तपासायला गेला. दत्ताभाऊनं फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

मग गर्दीतून दत्ताभाऊची आई पुढं आली. कमरेत वाकलेली, नऊवारीतली म्हातारी, सहसा घराबाहेर न पडणारी. ती साहेबांना म्हणाली, "फरा आमच्या घरी आलता. मी शिजवला. दत्तानं दोनदा वाढून घेतला."

दत्ताभाऊ म्हणाला, "आई, घरी जा."

"जाते. पर आदी लिहून घे म्हनावं."

साहेब म्हणाले, आजी, वय झालंय तुमचं, उन्हात उभ्या राहू नका. आणि लिहिलं काहीच नाही. तेव्हा मीही पुढं झाले. म्हटलं, मागच्या वर्षीच्या डुकराचा वाटा मी नेलाय, माझ्या घरी तो शिजलाय. साहेबांनी माझ्या युनिफॉर्मकडे पाहिलं. "सिस्टर, सरकारी नोकरीत आहात ना? मग आपलं काम बघा."

मला आजही त्या उत्तराचा जितका संताप येतो तितका दत्ताभाऊच्या खोटेपणाचा येत नाही. दत्ताभाऊ भ्याला होता, एवढंच. साहेब भ्यालेले नव्हते. त्यांच्यासमोर दोन बाया आपणहून गुन्हा सांगत होत्या, आणि त्यांना तो ऐकायचाच नव्हता. त्यांना कातकऱ्यांचा गुन्हा हवा होता, तो त्यांना सकाळीच मिळाला होता. आमचा कबूल केलेला गुन्हाही त्यांच्या लेखी खरा नव्हता. तिघं जीपमध्ये बसले. जीप गेली. मावशी रस्त्यात उभी होती. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी घरी गेले, पाणी दगडाच्या बाजूनं जातं तसे.

रघू आणि दोघं जामिनावर सुटले, पण त्याला दिवस लागले. मग वडगावच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. तारखेला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. जाऊन बसायचं, नाव पुकारलं की उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. मावशी प्रत्येक तारखेला बरोबर जायची. वाडीनं शिकार सोडली. जाळीच नव्हती तर करणार काय? शिकारीची कुत्री हाडकुळी झाली आणि रस्त्यावर येऊन बसायला लागली.

पुढच्या हंगामात डुकरं दत्ताभाऊच्या भातात उतरली. त्यानं पुन्हा निरोप धाडला. खरंच धाडला. मला खोटं वाटलं म्हणून मी निरोप घेऊन गेलेल्या माणसालाच विचारलं, तर तो म्हणाला, हो, "जरा बघा रं" एवढंच सांगायला सांगितलं. उत्तर द्यायला मावशी स्वतः उतरली. दत्ताभाऊच्या अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "सायबाला सांग हाका घालायला." नंतर ओट्यावर बसलेल्या म्हातारीकडे वळून तिची तब्येत विचारली आणि परत गेली.

त्यानंतर गावानं अर्ज केले. पिकाची नासाडी करणारं डुक्कर परवाना काढून मारता येतं, असा नियम आहे. बंदुकीचं लायसन असलेला माणूस पाहिजे, फॉरेस्टची परवानगी पाहिजे. आणि मारलेलं डुक्कर कुणी खायचं नाही. त्याची विल्हेवाट लावायची.

परवाना मिळून डुक्कर मारलं त्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या वाडीवरून स्कूटीवर परतत होते. दत्ताभाऊच्या बांधाला माणसं दिसली म्हणून थांबले. शहरातून आलेला बंदूकवाला जीपला टेकून चहा पीत होता. त्याच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. बांधाखाली डुक्कर पडलेलं, मोठं, तेलकट काळं, एकांडा नर. शेजारी लाकडं रचणं चाललं होतं. साहेब तेच. आणि लाकडं वाहून आणायला त्यांनी वाडीतली तीन माणसं रोजावर बोलावली होती. त्यात रघू होता. डुक्कर मारल्याची केस अंगावर असलेला रघू, मारलेलं डुक्कर जाळायला लाकडं आणत होता.

डिझेल ओतलं, काडी लावली. आधी केसांचा वास आला, मग कातडीचा, आणि मग चरबी तडतडायला लागली तेव्हा असा वास सुटला की माझ्याच तोंडाला पाणी आलं. वाडीची कुत्री कुठूनशी येऊन लांब गोल करून बसली. पोरंही आली. त्यांना कुणी हाकललं नाही, आणि कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

ठमा मावशी माझ्या आधीच आली होती. मी स्कूटी लावली तिथंच शेजारी बांधावर बसली होती. तिला बसलेलं बघायची मला सवय नव्हती. तिनं साहेबांना एकच विचारलं होतं म्हणे, मारलं तर चालतं, खाल्लं तर का चालत नाही? साहेब म्हणाले होते, नियम आहे. त्यावर ती येऊन बांधावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली, त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं ते.

"सिस्टर," ती म्हणाली, "मी हितं बसून त्याचे वाटे लावले. मनातल्या मनात. आख्खी वाडी धरली. दत्ताची म्हातारी धरली. तुज्या घरचं पान धरलं."

"आणि त्या बंदूकवाल्याचं?" मी विचारलं. मला वाटलं, आता तरी ही शिवी देईल.

"त्याची मान," ती म्हणाली. "त्यानं मारलंय न्हवं."

मग म्हणाली, "पुरलं असतं गं. समद्यांना पुरलं असतं."

आग नीट पेटत नव्हती. लाकूड ओलं होतं, डुक्कर अर्धवट काळं होऊन तसंच पडलं होतं. साहेबांनी आणखी लाकडं टाकायला सांगितलं. रघू एक मोठा ओंडका उचलून पुढं निघाला. मावशी उठली, आगीजवळ गेली, त्याच्या हातातला ओंडका काढून घेतला आणि भातात फेकून दिला. साहेब अरे अरे करत राहिले. तिनं वळून बघितलं नाही. रघूला मनगटाला धरलं, मोठ्या बाप्याला लहान पोरासारखं, आणि ती वाडीच्या चढाला लागली. ते बघून बाकीच्या दोघांनीही खांद्यावरची लाकडं तिथंच खाली टाकली आणि तिच्या मागं चालायला लागले.